पक्षी, कडे आणि मुंबईची रात्र: झेड८ असताना मीडियम फॉरमॅट घ्यावा का?

रानवाट_पुणे:

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा किडा डोक्यात वळवळतोय, शेवटी म्हटलं इथेच विचारू, निदान दोन्ही बाजूंनी शिव्या तरी नीट पडतील.

माझ्याकडे निकॉनचा फुल फ्रेम झेड८ आहे, त्यावर १८०-६०० आणि २४-१२० ह्या लेन्स. थंडीत भिगवण, पावसाळ्यात आणि नंतर सह्याद्रीत कुठेतरी, आणि सासुरवाडी गिरगावात असल्यामुळे मुंबईला गेलो की रात्री जेवणं उरकून ट्रायपॉड घेऊन मरीन ड्राइव्ह नाहीतर वांद्र्याचा किल्ला. म्हणजे पक्षी, डोंगर, शहर सगळंच थोडं थोडं. एकच काहीतरी धर असं सगळे सांगतात पण नाही जमत.

तर झालंय असं की ओळखीतले एक जण फुजीचा जीएफएक्स १००एस, म्हणजे मोठ्या सेन्सरचा १०० मेगापिक्सेलवाला मीडियम फॉरमॅट, विकायला काढतायत, सोबत ३२-६४ लेन्स, आणि हवी असेल तर १००-२०० पण देतो म्हणतायत. मॉडेल २०२१चं आहे पण वापर कमी. त्यांच्या बैठकीच्या खोलीत रतनगडच्या नेढ्यातून काढलेल्या फोटोची मोठी प्रिंट लावलीय, समोर अलंग-मदन-कुलंग आणि खाली उतरत गेलेला कातळ. ती बघितल्यापासून माझं माझ्याच फोटोंवरून मन उडालंय, कारण जवळ जाऊन बघितलं तर कातळावरच्या गवताची पाती न पाती सुटी दिसते हो.

आता विचारायचं असं की हे वेड खरंच सेन्सरचं आहे की चांगल्या प्रिंटचं? पुढच्या वर्षी आम्ही चार-पाच जण मिळून छोटंसं प्रदर्शन करायचं म्हणतोय, त्यात ४० इंची प्रिंट लावायची इच्छा आहे, त्याला ४५ मेगापिक्सेल पुरतात का? आणि १०० मेगापिक्सेल असले की भिगवणला क्रॉप करून भागेल, मग १८०-६०० विकून टाकता येईल असं त्या गृहस्थांचं म्हणणं आहे, ते कितपत खरं? दोन्ही सिस्टीम ठेवणं खिशाला परवडणार नाही हे आधीच सांगून ठेवतो.


ऑस्प्रे_आला_रे:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण त्यात पैसे बुडायचा धोका आहे. १८०-६०० विकू नका. अजिबात विकू नका.

१०० मेगापिक्सेल म्हणजे वाट्टेल तेवढा क्रॉप हे गणित सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि ते पक्ष्यांच्या बाबतीत चुकीचं आहे. लांबचा पक्षी काढताना किती मेगापिक्सेल ह्याला काही अर्थ नसतो, एक पिक्सेल केवढा ह्याला असतो. जीएफएक्स १००एसचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. सोनीचा ६१ मेगापिक्सेलवाला ए७आर फाइव्ह घ्या, त्याचाही ३.७६. फुजीचाच एक्स-टी४, जो ह्याच्या तुलनेत चिल्लर किमतीत मिळतो, २६ मेगापिक्सेल, त्याचाही ३.७६. म्हणजे ह्या तिन्हीवर ५०० एमएम लावून एकाच होडीतून एकाच खुंटावरचा ऑस्प्रे काढलात तर ऑस्प्रेच्या अंगावर तिन्हीत तेवढेच पिक्सेल पडणार. मोठ्या सेन्सरमध्ये जे जास्तीचं येतं ते ऑस्प्रेच्या आजूबाजूचं पाणी.

आता तुमचंच घ्या. झेड८चा पिक्सेल ४.३५ मायक्रॉन, त्यावर तुम्ही ६०० लावता. जीएफएक्ससाठी फुजीची सगळ्यात लांब लेन्स म्हणजे जीएफ ५०० एफ/५.६, ती २०२४ साली आली. ६००ला ४.३५ने भागा आणि ५००ला ३.७६ने भागा, १३८ आणि १३३. म्हणजे हौसेने ती, आली तेव्हा साडेतीन हजार डॉलरची, लेन्स घेतलीत तरी पक्ष्यावर पिक्सेल तुमच्या आत्ताच्या सेटपेक्षा किंचित कमीच. १.४चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा) लावला तर पुढे जाल पण एफ/८ होतो, आणि डिसेंबरात उजनीवर सकाळी सातला एफ/८ म्हणजे आयएसओ कुठे जातो ते तुम्हाला माहितीये. एक मात्र मान्य, ती ५०० हातात हलकी आहे, १.४ किलोच्या आत, तुमची १८०-६०० कॉलरसकट दोन किलोच्या वर जाते.

आणि हे सगळं फोकस लागला तर. १००एस सेकंदाला ५ फ्रेम काढतो आणि त्यात पक्षी ओळखणारा ऑटोफोकस नाहीच, डोळा फक्त माणसाचा शोधतो. पक्षी-प्राणी ओळखणं जीएफएक्समध्ये २०२३च्या १०० टू पासून आलं, मग २०२४च्या १००एस टू मध्ये. झेड८ रॉमध्ये २० फ्रेम काढतो आणि डोळ्याला चिकटून बसतो. कुरवांच्या मागे फिरणारी होडी, त्यात नावाडी एकदम वळण घेतो, त्यात आपण एका गुडघ्यावर, अशा वेळी ५ फ्रेममध्ये पंख नेमके वर असतील ही लॉटरी आहे. सायलेंट शटर लावाल तर ते त्याहून वाईट, सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला इतका वेळ घेतो की उडत्या पक्ष्याचे पंख रबराचे होतात. पॅनिंग तर विसराच.

डोंगराचं आणि शहराचं मला कळत नाही, त्यावर बाकीचे बोलतील.


माळावरचा:

ऑस्प्रेभाऊंच्या गणिताला +१, एकही आकडा खोडायचा नाहीये. पण वन्यजीव म्हणजे फक्त उडता पक्षी आणि फ्रेम भरून डोळा एवढंच धरून चाललंय ते पटत नाही.

मी जीएफएक्स ५०एस टू वापरतो, म्हणजे १००एसपेक्षाही सावकाश, सेकंदाला ३ फ्रेम आणि फोकस जुन्या कॉन्ट्रास्ट पद्धतीचा, पुढे-मागे शोधत बसतो. पण मी जातो सुप्याला, मयूरेश्वर अभयारण्यात. जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं माळरान, सकाळी गाडी ठरलेल्या रस्त्यावर उभी करायची, इंजिन बंद, खिडकीवर बीनबॅग आणि १००-२००. चिंकारा फ्रेममध्ये नखाएवढा असतो. बाकी सगळा माळ, पिवळं कुसळी गवत, मधे एक हिवर, मागे टेकडीची रेघ आणि त्यामागे धुरकट उजाडलेलं. असा फोटो मोठा छापला की आधी माळ दिसतो आणि मग बघणाऱ्याला चिंकारा सापडतो, आणि सापडल्यावर त्याच्या डोळ्याखालची काळी रेघ पण दिसते. ही गंमत फोनवर दिसत नाही, इन्स्टावर तर शून्य, पण भिंतीवर दिसते. चिंकारा एकदा गवतात थबकला की पाच-दहा सेकंद कान टवकारून तसाच उभा राहतो आणि तेवढ्यात माझा रडतखडत फोकस लागतो.

भिगवणला पण तेच करता येतं की. रोहित पक्ष्यांचा थवा उथळ पाण्यात चरत असतो तेव्हा लांबून, होडी थांबवून, अख्खा थवा आणि मागे उसाची शेतं आणि पंपांची घरं. तिथे ६०० एमएम लावून एकाचीच मान काढणारे होडीत चार जण असतात, तुम्ही पाचवे कशाला होता. आणि होडी फार जवळ घालायचा हट्ट धरू नका ही वेगळी विनंती, थवा उठवून काढलेला फोटो मला तरी बघवत नाही.

तर माझं म्हणणं इतकंच की वन्यजीवाला मीडियम फॉरमॅट चालतो, पण तुमची काढायची पद्धत बदलणार असेल तर. सध्या जे काढताय तेच काढायचं असेल तर ऑस्प्रेभाऊ म्हणतात तेच खरं.


ऑस्प्रे_आला_रे:

@माळावरचा, पटलं. पण असला फोटो झेड८वर ७०-२०० लावून पण येतो ना? ४५ मेगापिक्सेल काही कमी नाहीत.


माळावरचा:

येतो. मी नाही कुठे म्हटलं. :)


तोलारखिंड:

डोंगरावर बोलतो. १००एस आणि ३२-६४ बरीच वर्षं पाठीवर वाहतोय म्हणून हक्काने बोलतो.

आधी वजन, कारण लोक उगाच घाबरवतात. १००एस बॅटरी-कार्डसकट ९०० ग्रॅम आणि तुमचा झेड८ ९१०, म्हणजे बॉडीत काही फरक नाही. फरक लेन्समध्ये, ३२-६४ पावणेनऊशे ग्रॅम, १००-२०० किलोच्या वर, आणि ह्या सगळ्याला पेलणारा ट्रायपॉड. हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून जात असाल तर काहीच वाटणार नाही, खिरेश्वरकडून खिंडीतून जाल तर बालेकिल्ल्याच्या वळणावर वाटेल, आणि नळीच्या वाटेने जाणार असाल तर बॅगेत मोबाईल ठेवा आणि जीव सांभाळा.

आता सेन्सर. ४४ बाय ३३ मिलिमीटर, क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या, म्हणजे तुमच्या झेड८च्या, साधारण १.७ पट. ह्याने प्रकाश गोळा करण्यात फायदा होतो तो पाऊण स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आसपास, पुन्हा तुमचा झेड८ आयएसओ ६४ला चालतो आणि १००एस १००पासून सुरू होतो हेही लक्षात ठेवा. म्हणजे आकाशपाताळाचा फरक नाही. यूट्यूबवर 'मीडियम फॉरमॅट लुक' म्हणून जे सांगतात ते अर्धं चांगल्या लेन्सचं असतं आणि उरलेलं सकाळी पाचला उठण्याचं.

पण फरक कुठे कळतो ते सांगतो. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे संध्याकाळी सूर्य समोर आणि कड्याची आतली वाटी आपल्या बाजूने काळोखात जायला लागते. खाली कोकणातलं धुकं उजळ, वर ढगांच्या कडा पेटलेल्या, आणि मधे हा काळा कातळ. आकाश वाचवून एक्सपोजर दिलं आणि घरी येऊन कातळ तीन-चार स्टॉप वर खेचला की जीएफएक्सच्या फाइलमध्ये त्या काळ्या भागातून काय काय निघतं, ओलसर पट्टे, शेवाळाचा हिरवा, कपारीत अडकलेलं गवत, आणि रंग मातकट किंवा जांभळट न होता. झेड८मध्ये पण निघतं पण शेवटच्या स्टॉपला कातळ जरा पिठूळ होतो. ४० इंची छापताना हे दिसतं. फेसबुकवर टाकताना तुमच्याशिवाय कुणाला दिसणार नाही.

आता ज्याचा त्रास होतो ते. फोकसची खोली मिळत नाही. फुल फ्रेमवर एफ/८ला पुढच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत जे शार्प यायचं त्याला इथे एफ/१० लागतो. आणि एफ/११च्या पुढे गेलात की डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) एवढ्या बारीक पिक्सेलची मजा जाते, एफ/१६ला तर १०० मेगापिक्सेल नावालाच. मग फोकस ब्रॅकेटिंग करायचं, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून फ्रेम काढायच्या आणि नंतर जोडायच्या, कॅमेऱ्यात सोय आहे आणि चांगली आहे, जवळचा आणि लांबचा फोकस दाखवून दिला की मधल्या फ्रेम तो स्वतः काढतो. पण कासला सप्टेंबरात वाऱ्यावर डोलणाऱ्या तेरड्याचं काय ब्रॅकेटिंग करणार, प्रत्येक फ्रेममध्ये फूल वेगळीकडे. तिथे मी सरळ हार मानतो आणि फुलं धूसर जाऊ देतो नाहीतर डोंगर तरी. कारवी फुललेली असताना उतारावर हाच प्रश्न अजून वाईट येतो, कारण झुडूप तोंडासमोर आणि डोंगर पाच किलोमीटरवर.

बाकी, कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन खरंच चांगलं आहे, पावसाळी उजेडात १/१५ला हातात धरून काढलेले फोटो मी छापलेत. पाऊस-बिऊस बॉडी सहन करते. पण एसी गाडीतून माळशेजच्या धुक्यात एकदम बाहेर काढू नका, लेन्सवर बाष्प धरतं आणि पुसून जात नाही, बॅगेतच अर्धा तास राहू द्या. आणि घरी ड्राय कॅबिनेट नसेल तर आधी ते घ्या, मग कॅमेरा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बुरशी कुठल्याच ब्रँडला सोडत नाही.


रानवाट_पुणे:

वा, धागा सार्थकी लागला. तोलारखिंड, कातळ पिठूळ होतो म्हणजे काय ते मला नेमकं कळलं, माझ्या राजगडच्या फोटोत बालेकिल्ल्याच्या सावलीत अगदी तस्संच झालंय आणि मी इतके दिवस मॉनिटरला दोष देत होतो.

कुणी मुंबई रात्रीचं सांगेल का? आणि प्रिंटचं?


गिरगाव_रात्रपाळी:

आलो आलो. सासुरवाडी गिरगावात म्हणजे तुम्ही आमचे जावईच, तेव्हा सरबराई करणं आलं.

रात्रीच्या शहराला मीडियम फॉरमॅट सगळ्यात जास्त शोभतो असं माझं मत. इमारती पळत नाहीत, ट्रायपॉड असतोच, आयएसओ १००वर राहता येतं आणि एका फ्रेममध्ये हजारो खिडक्या असतात, प्रत्येकीत काहीतरी चाललेलं असतं. कमला नेहरू पार्कच्या बाजूने मरीन ड्राइव्हची अख्खी कमान काढा आणि १०० टक्के झूम करून फिरत बसा, अर्धा तास कसा जातो कळत नाही. जीएफएक्समध्ये ६५:२४चा लांबट पॅनोरमा क्रॉप आहे तो मला भयंकर आवडतो, वर रिकामं काळं आकाश आणि खाली काळं पाणी दोन्ही कापलं जातं आणि मरीन ड्राइव्हला तो आकार जणू मापून शिवल्यासारखा बसतो. एवढं कापूनसुद्धा ५० मेगापिक्सेल उरतात.

आता खाचखळगे. पहिली गोष्ट हवा. वांद्रे किल्ल्यावरून सी लिंक आणि मागे वरळीचे टॉवर काढताना मधे काही किलोमीटर हवा असते, आणि जानेवारीत त्या हवेत जे काही तरंगत असतं त्यापुढे १०० मेगापिक्सेल काय नि २४ काय. टॉवरच्या कडा उकळत्या पाण्यातून बघितल्यासारख्या थरथरतात. पाऊस संपत आला की मधेच एखादी धुऊन निघालेली संध्याकाळ येते, गणपती ते दसरा ह्या दरम्यान, तेव्हा सगळी कामं सोडून जायचं. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं आकाश निळं आणि दिवे लागलेले हा जो वेळ असतो तेवढाच खरा, त्यानंतर आकाश काळं ठिक्कर आणि दिवे फुटलेले. मरीन ड्राइव्हला २०१५ला पांढरे एलईडी लावले होते तेव्हा लोकांनी बोंबाबोंब केली, नंतर पिवळसर छटा परत आणली म्हणून आपला राणीचा हार अजून हारासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट ट्रायपॉड हलणं. १०० मेगापिक्सेलला पुलावरून गेलेला एक टेम्पो पुरतो. फ्लायओव्हरवर किंवा फुटब्रिजवर उभे राहून लांब एक्सपोजर काढत असाल तर प्रत्येक फ्रेम झूम करून तपासा, मागच्या स्क्रीनवर सगळं छान दिसतं आणि घरी आल्यावर रडायची वेळ येते. मधली दांडी वर काढायची नाही, सेल्फ टायमर नाहीतर रिमोट. हॅसलब्लाडवाले इथे खूश असतात कारण त्यांचं शटर लेन्सच्या आत असतं, कॅमेऱ्यात पडदा आपटत नाही. पण तुमच्या यादीत पक्षी आहेत आणि त्यांच्या एक्स२डीत कंटिन्युअस ऑटोफोकस नव्हताच, तो २०२५च्या एक्स२डी टू मध्ये आला, तेव्हा ते नाव काढू नका.

तिसरी, इमारतींच्या सरळ रेषा. सीएसएमटी समोरून काढायला गेलात की कॅमेरा वर करावा लागतो आणि घुमट मागे पडायला लागतो. फुजीची ३०ची टिल्ट-शिफ्ट (रेषा सरळ ठेवणारी लेन्स) आहे, लाजवाब आहे, आणि किंमत विचारू नका. मी काय करतो, रुंद लेन्सने कॅमेरा सरळ लेव्हलला ठेवून काढतो, खालचा सगळा रस्ता-बस-टॅक्सी असा निम्मा भाग कापून टाकतो. एवढे पिक्सेल असल्यावर कापायला हात आखडत नाही, गरिबाची शिफ्ट लेन्स. ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंना, एकीकडे गॉथिक आणि समोर आर्ट डेको, हेच करता येतं, तिथे तर मैदान मोकळं असल्याने मागे सरायला जागा पण आहे. हा सगळा पट्टा २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेलाय, पण मी तो सकाळी झाडूवाले असतात त्या वेळी काढतो, गर्दी नसते.

५० मेगापिक्सेलवाला जीएफएक्स कुणी स्वस्तात देत असेल तर हे ध्यानात ठेवा, त्यात लांबच्या ग्रिल, जाळ्या, काचेच्या टॉवरवरच्या बारीक रेघा ह्यात रंगीत लहरी येतात, मोआरे. १००मध्ये खूप कमी.

आणि हो, पोलीस. हातात कॅमेरा असेल तर कुणी विचारत नाही, ट्रायपॉड उघडला की हवालदार साहेब आलेच. वाद घालायचा नाही, पाच मिनिटांत आवरतो साहेब म्हणायचं आणि खरंच आवरायचं. बंदर, नौदलाच्या हद्दी, कोर्ट ह्या बाजूला तोंड करून तर उघडूच नका.


छापून_बघा:

प्रिंटवाला बोलतो, धंदाच तो आहे.

तुमच्या झेड८ची फाइल ८२५६ बाय ५५०४. जीएफएक्स ५०ची ८२५६ बाय ६१९२. बघा, लांब बाजू तंतोतंत तेवढीच! म्हणजे लांबट फोटो छापणार असाल तर ५०वाला जीएफएक्स घेऊन पिक्सेलच्या हिशोबात एक इंच वाढत नाही, फक्त उंचीला थोडं जास्त मिळतं. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात. १००एसची फाइल ११६४८ बाय ८७३६, तो मात्र खरा उडी मारतो.

३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापायचं म्हटलं तर तुमची आत्ताची फाइल साडेसत्तावीस इंच जाते, १००एसची जवळपास ३९ इंच. म्हणजे ४० इंचाला १००एस जवळजवळ न ताणता छापतो आणि झेड८ २०६ पीपीआयवर येतो. आता २०६ वाईट का? अजिबात नाही. मी १५०ने छापलेल्या प्रिंट हॉटेलांच्या लॉबीत लागल्यात. सहा फुटांवर उभं राहिलं तर माणसाच्या डोळ्याला १०० पीपीआय पण पुरतात. पण आपल्याकडे प्रदर्शनात कुणी सहा फुटांवर उभं राहतं का? नाक लावून बघतात, वर चष्मा कपाळावर. आणि तुमचा विषय गवत, कातळ, खिडक्या असा बारीक असेल तर त्या नाकाला फरक कळतो. धुक्याचा, पाण्याचा, एकाच पक्ष्याचा फोटो असेल तर नाही कळत.

त्या रतनगडच्या प्रिंटबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, ती मॅट कॉटन पेपरवर असणार आणि वर काच नसणार, बरोबर? निम्मी जादू तिथे असते. तुमचाच झेड८चा एखादा ट्रायपॉडवर काढलेला, एफ/८चा, आयएसओ ६४चा फोटो घ्या आणि त्याचा मधला एक तुकडा, अख्ख्या ४० इंची प्रिंटमधला १२ बाय १२ इंचाचा, त्याच पेपरवर छापून घ्या. दोन-चारशेत काम होईल. तसाच १००एसचा तुकडा त्या गृहस्थांकडून फाइल मागून छापा. दोन्ही भिंतीला चिकटवा, घरातल्या ज्यांना कॅमेऱ्यातलं कळत नाही त्यांना विचारा.

फाइल कॉम्प्रेस न करता २०० एमबीची होते हे कुणी सांगितलं नाही अजून. लॉसलेस कॉम्प्रेस्ड लावा, बरीच कमी होते आणि काही बिघडत नाही. तरी फोकस ब्रॅकेटिंगच्या फ्रेम एकत्र करताना १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आचके देतो, तो खर्च धरा.


जुना_मामिया:

फिल्मचा ६४५ मीडियम फॉरमॅट कॅमेरा वापरलेला माणूस म्हणून एक पिंक टाकतो. फिल्मवर ती फ्रेम ५६ बाय साडेएकेचाळीस मिलिमीटर होती. हे ४४ बाय ३३. त्या मापाच्या जवळ जातो तो फेज वन, ५३ बाय ४०, दीडशे मेगापिक्सेल, आणि त्याच्या किमतीत नगरला प्लॉट येईल. म्हणून हल्लीची पोरं 'मीडियम फॉरमॅटची खोली' वगैरे म्हणतात तेव्हा मी गप्प चहा पितो.

बाकी रानवाट, कॅमेरा चांगला आहे, घ्या. माणसाने एकदा तरी सावकाश फोटो काढावेत.


तोलारखिंड:

काका आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.


रानवाट_पुणे:

सगळ्यांचे आभार, खरंच. आता माझ्या डोक्यात साधारण असं बसतंय की झेड८ आणि १८०-६०० हलवायचं नाही, पक्षी त्यावरच. १००-२०० नको, माळावरच्यांनी कितीही भुरळ घातली तरी. राहिला १००एस आणि ३२-६४, त्यासाठी २४-१२० आणि घरात पडून असलेला जुना डी८५० त्याच्या दोन लेन्ससकट काढावा लागेल, तरी वर बरेच घालावे लागतील. म्हणून आधी छापून_बघा म्हणतात तो तुकड्यांचा प्रयोग करतो, त्या गृहस्थांनी दोन फाइल द्यायचं कबूल केलंय. आणि एखादा वीकेंड तोच कॅमेरा, नाहीतर भाड्याने घेऊन, साधं घाटात नेऊन बघतो. माझ्या झेडच्या लेन्स त्यावर ॲडाप्टरने बसतील का? निदान २४-१२०?


तोलारखिंड:

झेडच्या लेन्स नाही बसायच्या. झेड माउंटमध्ये लेन्स सेन्सरपासून १६ मिलिमीटरवर असते आणि जीएफएक्समध्ये २६.७, म्हणजे ॲडाप्टरला जागाच उरत नाही. डी८५०च्या जुन्या एफ माउंटच्या लेन्स साध्या ॲडाप्टरने बसतात, मॅन्युअल फोकसने. काही लांब प्राइम (झूम न होणाऱ्या लेन्स) अख्खा सेन्सर झाकतात, झूम बहुतेक कोपरे काळे करतात. विकायच्या आधी लावून बघा.

आणि भाड्याने घेतलात तर कार्ड तुमचं चालेल असं धरून निघू नका, त्यात दोन्ही खाचे एसडीचे आहेत, सीएफएक्स्प्रेस बसत नाही. बॅटरी एनपी-डब्ल्यू२३५, तीच एक्स-टी४ आणि एक्स-टी५ला लागते, ओळखीत कुणाकडे असेल तर एक जास्तीची मागून घ्या, कारण थंडीत गडावर मुक्काम असेल तर एकीवर दुसरा दिवस निघत नाही.


माळावरचा:

एक्स-टी५ माझ्याकडे आहे, बॅटरी नेऊ शकता. कोथरूडला असतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बदल्यात १००-२०० एकदा सुप्याला घेऊन या.